तारेवरची कसरत आणि येशूवरचा विश्वास



पहाटे उठून पाणी भरायचं, डबे करायचे, शेळीपुढे चारा टाकायचा, पोरांना शाळेत धाडायचं, वेळेवर रोजावर पोचायचं आणि संध्याकाळी गटाच्या बैठकीला हप्ताही न्यायचा. वाटेत कुणी विचारलं, "कसं चाललंय?" तर आपण म्हणतो, "काय सांगू बाई, तारेवरची कसरत!" हा शब्द तोंडात इतका बसलाय, की खरोखरची तार डोळ्यांसमोर येतच नाही. आज आपण खऱ्या तारेबद्दल बोलणार आहोत. दोरावरून, तारेवरून चालणाऱ्या माणसांबद्दल, आणि त्यांच्याकडे पाहून ख्रिस्ती धर्मातला 'विश्वास' हा शब्द कसा उलगडतो, त्याबद्दल.

हा विषय का घेतला तेही सांगतो. आरोग्याच्या एका कार्यक्रमानंतर एका बहिणीचा प्रश्न आला. तिला रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली आहे. ती प्रार्थनेच्या बैठकीला जाते. तिथे कुणीतरी तिला म्हणालं, "तुझा विश्वास पुरा असेल तर गोळी कशाला लागते?" तिने गोळी बंद केली. मग चक्कर यायला लागली, तेव्हा तिने विचारलं, "आता गोळी परत सुरू केली तर तो अविश्वास होतो का?"

डॉक्टरबाईंनी दोन वाक्यांत उत्तर दिलं: गोळी आजच सुरू करा, आणि उद्या दवाखान्यात येऊन रक्तदाब मोजून घ्या. पण तिचा प्रश्न फक्त डॉक्टरचा नव्हता, विश्वासाचाही होता. त्याचं उत्तर विश्वासाच्या बाजूनेही द्यायला हवं होतं. केंद्रावर आम्ही ज्या बायका काम करतो, त्यांत रविवारी चर्चला जाणाऱ्या आहेत, एकादशी धरणाऱ्या आहेत, विहारात जाणाऱ्याही आहेत. आम्ही सगळ्या बसलो, शुभवर्तमान उघडलं, आणि बोलता बोलता गोष्ट दोरावर येऊन पोचली.

दोर म्हटला की आपल्याला आधी आठवतो तो डोंबाऱ्याचा खेळ. बाजाराच्या दिवशी चौकात दोन बाजूंना बांबूच्या कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली ढोल आणि वर आठ-दहा वर्षांची पोर. हातात आडवी काठी, डोक्यावर तांब्यांची उतरंड, आणि कधी कधी पायाखाली थाळी. आपण तोंडात पदर धरून बघतो, पसाभर धान्य घालतो आणि पुढे जातो. हाच खेळ परदेशात टीव्हीवर दाखवला की त्याला विक्रम म्हणतात. आपल्या चौकातल्या पोरीला कुणी खेळाडू म्हणत नाही. ती दोरावर चढते ती पोटासाठी, आणि तिची जागा शाळेत आहे हे आपण सगळे जाणतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

आता लांबच्या दोराकडे जाऊ. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांच्या हद्दीवर नायगारा नदी आहे. तिच्यावर मोठा धबधबा आहे आणि धबधब्याच्या खाली खोल दरी आहे. १८५९ साली ब्लॉन्डिन नावाचा एक फ्रेंच कसरतपटू तिथे आला. दरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत त्याने तागाचा जाड दोर बांधला. लांबी तीनशे मीटरहून जास्त, आणि खाली खवळलेलं पाणी. ३० जून १८५९ रोजी हातात लांब काठी घेऊन तो पहिल्यांदा पार गेला. मग त्याने तोच खेळ नाना तऱ्हांनी केला. डोळे बांधून केला, एकचाकी हातगाडी ढकलत केला, दोरावर थांबून स्वयंपाकही केला.

चर्चमध्ये जाणाऱ्या बायकांनी त्या हातगाडीची गोष्ट उपदेशात ऐकली असेल. ब्लॉन्डिन लोकांना विचारतो, "मी माणसाला या गाडीत बसवून नेऊ शकेन असं तुम्हाला वाटतं का?" सगळे ओरडतात, "हो, हो!" मग तो म्हणतो, "तर मग बसा गाडीत." आणि सगळे गप्प. ही उपदेशकांची आवडती गोष्ट आहे. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती खरोखर घडलेली गोष्ट. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ब्लॉन्डिनने आपल्या व्यवस्थापकाला, हॅरी कोलकॉर्डला, पाठीवर घेऊन ती दरी पार केली.

या कोलकॉर्डचा जरा विचार करा. तो काही दोरावर चालणारा नव्हता. तिकिटं, पैसा, जाहिरात बघणारा साधा माणूस. ब्लॉन्डिनला त्याने कितीदा तरी पार जाताना पाहिलं होतं. "हा पडणार नाही" हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण काठावर उभं राहून ठाऊक असणं वेगळं आणि पाय जमिनीवरून उचलून त्याच्या पाठीवर चढणं वेगळं. ब्लॉन्डिनने त्याला बजावलं होतं, की आपणहून तोल सावरायला जायचं नाही. मी डोललो तर माझ्याबरोबर डोलायचं, माझ्याच अंगाचा भाग व्हायचं. वाटेत ब्लॉन्डिन दमायचा. तेव्हा कोलकॉर्डला पाठीवरून उतरून त्या दोरावर स्वतःच्या पायांनी उभं राहावं लागायचं, आणि मग पुन्हा पाठीवर चढायचं. असं एकदा नाही, बरेचदा झालं.

पवित्र शास्त्रात विश्वास म्हणतात तो हा. "देव आहे" असं म्हणणं म्हणजे काठावरून टाळी वाजवणं झालं. याकोबाच्या पत्रात तर स्पष्ट लिहिलंय, की देव एकच आहे हे भुतांनाही पटलेलं असतं, आणि ती थरथर कापतात. म्हणजे नुसतं पटण्याला फारशी किंमत नाही. आपल्या मराठीत त्यासाठी फार चांगला शब्द आहे, 'भार टाकणं'. "मी तुझ्यावर भार टाकलाय" असं आपण म्हणतो, तेव्हा आपलं वजन आपण दुसऱ्याकडे दिलेलं असतं. ख्रिस्ती माणूस येशूवर विश्वास ठेवतो म्हणजे आपलं वजन त्याच्यावर टाकतो. आणि कोलकॉर्डसारखंच, तो डोलेल तसं डोलायला शिकतो. सगळ्यात अवघड तेच आहे. पाठीवर बसायचं आणि वर स्वतःची कसरतही चालू ठेवायची, म्हणजे दोघेही पडणार. आपल्यातल्या किती जणी प्रार्थना करून उठतात आणि रात्रभर तीच काळजी पुन्हा चघळत बसतात! आमच्यातल्याही आहेत.

बायका ऐकताहेत म्हणून एक नाव मध्येच सांगून टाकतो. १८७६ साली मारिया स्पेल्तेरिनी नावाची एक इटालियन तरुणी त्याच दरीवरून दोरावर चालली. एकदा तर दोन्ही पायांना फळांच्या टोपल्या बांधून गेली. ती दरी दोरावरून पार करणारी ती एकटीच बाई. ब्लॉन्डिनचं नाव सगळ्यांना ठाऊक, तिचं फारसं कुणाला नाही. ते काही नवीन नाही म्हणा.

आता आपल्या काळात येऊ. वॉलेंडा नावाचं एक घराणं आहे. पिढ्यान् पिढ्या तारेवर चालणारं, मूळचं युरोपातलं, आता अमेरिकेतलं. त्यातला निक वॉलेंडा हा येशूवर उघडपणे विश्वास सांगणारा माणूस. तो दोन वर्षांचा असल्यापासून तारेवर चालतोय. १५ जून २०१२ च्या रात्री त्याने नायगारा पार केला. ब्लॉन्डिन धबधब्याच्या खालच्या अंगाला दरीवरून गेला होता, निक थेट धबधब्याच्या वरून गेला. सुमारे साडेपाचशे मीटर तार, मनगटाएवढी जाड, तुषारांनी ओलीचिंब. पंचवीस मिनिटं लागली. पलीकडे कॅनडात उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला पासपोर्ट विचारला, आणि त्याने खिशातून काढून दाखवला!

त्याच्या पायातले मऊ चामड्याच्या तळाचे जोडे त्याच्या आईने शिवलेले असतात. आई डेलाइला स्वतः तारेवर चालणारी. लेक कशावरून जाणार आहे हे पुरतं माहीत असलेली बाई त्याच्या जोड्याला टाका घालते. तो टाका घालताना तिच्या मनात काय येत असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढच्या वर्षी, २३ जून २०१३ रोजी, अमेरिकेतल्याच ॲरिझोना राज्यात त्याने लिटल कोलोरॅडो नदीची दरी पार केली. तार सुमारे सव्वाचारशे मीटर लांब आणि खाली साडेचारशे मीटर खोल, म्हणजे दीडशे मजल्यांच्या इमारतीएवढं. जाळी नाही, कमरेला दोर नाही. त्याच्या अंगावर माईक होता, म्हणून जगभरच्या लोकांना तो काय बोलतो ते ऐकू आलं. तो सारखा प्रार्थना करत होता. पावलागणिक येशूचे आभार मानत होता, वारा शांत कर म्हणत होता. वारा फार वाढला तेव्हा तो दोनदा तारेवर खाली बसला, तार हलायची थांबेपर्यंत थांबला, आणि मग उठून चालला.

इथे आमच्यात जोरात वाद झाला. एक जण म्हणाली, "बघा, विश्वास असा असावा. दोर नाही, जाळी नाही, नुसतं देवाचं नाव." दुसरी म्हणाली, "हा विश्वास कसला, ही देवाची परीक्षा बघणं झालं." हा वाद सोडवायचा तर निक तारेवर चढायच्या आधी काय करतो ते बघायला हवं.

पहिली गोष्ट, काठी. नायगाऱ्यावर त्याच्या हातातली काठी सुमारे अठरा किलोची होती. एवढं ओझं घेऊन चालणं सोपं कसं, असं वाटेल. घरी करून बघा. शेताच्या अरुंद बांधावरून रिकाम्या हाताने चाला, मग लांब बांबू दोन्ही हातांत आडवा धरून चाला. बांबू असला की अंग एकदम कलंडत नाही, सावकाश कलतं. तेवढ्यात सावरायला सवड मिळते. लांब आणि जड वस्तू लवकर फिरत नाही, एवढंच त्यामागचं कारण. त्यातून काठीची टोकं खाली वाकलेली असली, तर वजन खालच्या अंगाला जातं आणि तोल आणखी पक्का होतो. म्हणजे काठी माणसाला उचलून धरत नाही, ती त्याला वेळ देते.

दुसरी गोष्ट, सराव. मोठे पंखे लावून अंगावर वारा घ्यायचा, पाण्याचे फवारे मारून तार ओली करायची आणि तिच्यावर तासन् तास चालायचं. तोल गेलाच तर खाली वाकून तार धरायची आणि मदत येईपर्यंत लटकून राहायचं, याचाही सराव. प्रार्थना करणारा माणूस पडायची तयारीसुद्धा करून ठेवतो.

तिसरी गोष्ट, कमरेचा दोर. नायगाऱ्यावर त्याला सुरक्षेचा दोर बांधावा लागला होता. खेळ दाखवणाऱ्या टीव्ही कंपनीने ती अट घातली होती. त्याच्या मनाविरुद्ध होतं, आयुष्यात पहिल्यांदाच बांधत होता. पण बांधला, आणि पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही. त्या रात्री त्याची प्रार्थना काही कमी झाली नाही.

आता शुभवर्तमानातली एक गोष्ट. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, लूकच्याही. येशू चाळीस दिवस रानात उपाशी होता. सैतान त्याला यरुशलेमच्या मंदिराच्या अगदी वरच्या टोकावर नेऊन उभा करतो आणि म्हणतो, "तू देवाचा पुत्र आहेस ना? मग टाक खाली उडी. देवदूत तुला वरच्या वर झेलतील, तसं शास्त्रात लिहिलंच आहे." लक्ष द्या, सैतान इथे शास्त्राचा दाखला देतो. विश्वासाच्याच भाषेत बोलतो. "तुझा विश्वास पुरा असेल तर..." हे वाक्य आपण कुठे ऐकलं? आपल्या त्या बहिणीला कुणीतरी नेमकं हेच म्हणालं होतं. येशूने उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहू नये असंही शास्त्रात आहे, असं त्याने उत्तर दिलं. ज्याच्याएवढा विश्वास दुसऱ्या कुणाचा नाही असं ख्रिस्ती लोक मानतात, तो स्वतः उडी मारायला नाही म्हणाला, आणि पायऱ्यांच्या वाटेने खाली आला असणार.

तेव्हा आमचं त्या बहिणीला सांगणं असं. रक्तदाबाची गोळी बंद करणं म्हणजे मंदिराच्या टोकावरून उडी. गोळी घेणं म्हणजे हातातली काठी. काठी धरली म्हणून प्रार्थना खोटी होत नाही. ही गोळी दुखणं मुळातून काढत नाही, दाबून ठेवते, म्हणून बरं वाटलं तरी ती चालू ठेवायची असते. मनाने सोडली तर अचानक लकवा मारू शकतो. क्षयरोगाचं तर याहून नाजूक. साध्या क्षयाचा उपचारही निदान सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंग धरतं, आणि माणसाला वाटतं बरे झालो. तिथे गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग घरातल्या पोरांनाही तेच हट्टी जंतू लागतात. सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळतात.

यावर कुणी म्हणेल, "पण येशूने तर नुसत्या शब्दाने रोगी बरे केले!" हो, शुभवर्तमानात तसं आहे. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या त्या बाईने त्याच्या वस्त्राच्या काठाला हात लावला आणि ती बरी झाली. तिच्याबद्दल लिहिताना मार्क हेही सांगतो, की तिने वैद्यांवर सगळं पैसाअडका घालवला होता आणि आजार वाढतच गेला होता. तिच्या विश्वासाचं मोल आम्ही कमी करणार नाही, आणि बरं होण्यासाठी कुणी प्रार्थना केली तर तिला हसणार नाही. आजाऱ्यासाठी चार माणसं गुडघे टेकतात, रात्र जागवतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण कोडी माणसाला बरं केल्यावर येशूने त्याला काय सांगितलं, तेही वाचा. "जा, याजकाला दाखव." त्या काळी कोड गेलं की राहिलं, हे तपासून सांगण्याचा अधिकार याजकाला होता. म्हणजे स्वतः बरं करून वर तपासून घे म्हणाला! तेव्हा प्रार्थनेनंतर बरं वाटलं तर आनंदाने देवाचे आभार माना, आणि आशाताईंना घेऊन दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टर सांगतील. आणि ज्याच्या नावाने एक शुभवर्तमान आहे, त्या लूकला पौलाच्या पत्रात वैद्य म्हटलंय, हेही विसरू नका.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. त्या भयंकर दरीवरून कितीतरी वेळा पार गेलेला ब्लॉन्डिन शेवटी दोरावरून पडून मेला नाही. १८९७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, लंडनमध्ये आपल्या घरी गेला, आणि तोही मधुमेहाने. तेव्हा साखरेवर आजच्यासारखी औषधं नव्हती.

आता त्या डोंबाऱ्याच्या पोरीकडे परत येऊ. निक आपल्या मर्जीने तारेवर चढतो. ती पोर चढत नाही, तिला चढवलेलं असतं. हा फरक आपल्या घरांतही आहे. नवरा दारू पिऊन मारतो, आणि मंडळीतली शहाणी माणसं बाईला सांगतात, "हा तुझा क्रूस आहे, विश्वासाने वाहा." आम्हाला हे मान्य नाही, आणि शुभवर्तमानालाही ते मान्य असेल असं वाटत नाही. लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथ गावची गोष्ट आहे. येशूचं स्वतःचं गाव. लोक चिडले, त्याला गावाबाहेर काढलं आणि खाली ढकलून देण्यासाठी डोंगराच्या कड्यावर नेलं. येशू तिथे "देवाची इच्छा" म्हणून उभा राहिला नाही. तो त्यांच्यामधून वाट काढून निघून गेला. पुढे वेळ आल्यावर त्याने क्रूस घेतला, तो त्याने स्वतः घेतला. दुसऱ्याने कड्यावर नेऊन ढकलणं म्हणजे क्रूस नव्हे. ज्या बाईला घरात मार बसतो तिने १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर पाठ करून ठेवावा. जीवावर बेतलं तर ११२.

दोरावर चालताना नजर कुठे ठेवतात, हे आपल्याला शिकवायला नको. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन आपण उतारावरून येतो, तेव्हा पायाकडे बघत नाही. मान सरळ, नजर पुढे. तारेवरचेही तेच करतात, पलीकडच्या टोकाकडे बघतात. पेत्र नावाच्या येशूच्या शिष्याची गोष्ट इथे बसते. रात्री सरोवरात वादळ उठलं, शिष्य नावेत. येशू पाण्यावरून चालत आला. पेत्र म्हणाला, "प्रभू, तूच असशील तर मला ये म्हण." येशू म्हणाला, "ये." पेत्र नावेतून उतरला आणि खरंच चालायला लागला. मग त्याने वाऱ्याकडे पाहिलं, भ्याला आणि बुडायला लागला. ओरडला, "मला वाचव!" येशूने ताबडतोब हात धरला. उपदेशात बहुतेक वेळा पेत्राच्या कमी विश्वासावरच बोलतात. आम्हाला त्यातला 'ताबडतोब' मोठा वाटतो. बोलणी त्याने नंतर बसवली, आधी हात धरला. उरलेले अकरा कोरडे नावेतच बसले होते, त्यांच्यावर कुणी उपदेश करत नाही! आणि पेत्र तरी कुठे हट्टाने पाण्यात उतरला? आधी विचारलं, बोलावणं आल्यावर उतरला. मंदिराच्या टोकावर बोलावणारा वेगळा होता.

शेवटी तणाव्यांबद्दल बोलायला हवं. लग्नाचा मांडव किंवा तमाशाचा तंबू उभा असतो तो खांबांवर, पण वाऱ्यात टिकतो तो बाजूच्या तणाव्यांवर. विजेच्या खांबालाही तिरपी तार असते. मोठ्या तारेलाही असेच बाजूचे दोर असतात. ते नसले तर तार झोपाळ्यासारखी हलते. निकचे पणजोबा कार्ल वॉलेंडा हे या घराण्याचे मूळ पुरुष. २२ मार्च १९७८ रोजी पोर्तो रिको बेटावर दोन उंच इमारतींमध्ये बांधलेल्या तारेवरून ते पडून गेले. वय ७३. वारा जोराचा होता. पण घरच्यांचं म्हणणं असं, की वाऱ्यापेक्षा घात झाला तो बाजूचे दोर नीट बांधले गेले नव्हते म्हणून. जन्मभराचा सराव पायात होता, आणि चूक होती दुसऱ्यांनी बांधलेल्या गाठीत.

ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. इमारतीला नाही, माणसांना. मंडळीचं काम या तणाव्यांचं. प्रार्थनेच्या बैठकीत आपल्या बहिणीला गोळी सोड म्हणणारा तो ढिला तणावा होता. घट्ट तणावा कोणता? जी म्हणते, "चल, तुझ्यासाठी प्रार्थना करू, आणि मंगळवारी मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येते, तेवढा रोज बुडाला तरी चालेल." आपल्या गटातही हेच चालतं. एकीचा हप्ता अडला तर बाकीच्या ओढून धरतात. यात ख्रिस्ती कोण आणि हिंदू कोण हे तणाव्याला कळत नाही.

कार्ल पडले त्याच जागी, त्याच दोन इमारतींमध्ये, २०११ साली निक आणि त्याची आई दोन बाजूंनी तारेवर निघाले. मध्ये भेट झाली तेव्हा आई तारेवर खाली बसली आणि निक तिला ओलांडून पुढे गेला.

विश्वास असला की पडत नाही, असं मात्र आम्ही सांगणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, सरासोटा गावी, निक आणि सोबती तारेवर आठ माणसांचा मनोरा करण्याचा सराव करत होते. तोल गेला. पाच जण खाली पडले. निकने तार धरली, तो वाचला. पण पडलेल्यांत त्याची बहीण लिजाना होती. तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली, बरगड्या मोडल्या. तिच्यासाठी घरच्यांनी प्रार्थना केल्या, आणि सर्जननी शस्त्रक्रिया करून चेहऱ्यात पट्ट्या आणि स्क्रू बसवले. दोन्ही झालं. निकला त्यानंतर भीतीने घेरलं, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं.

२३ जून २०१९ च्या रात्री न्यूयॉर्क शहरातल्या टाइम्स स्क्वेअर या मोठ्या चौकावर पंचवीस मजले उंचीवर तार बांधली होती. एका टोकाकडून निक निघाला, दुसऱ्या टोकाकडून लिजाना. अपघातानंतर एवढ्या उंचीवर ती पहिल्यांदाच चढत होती. मध्यावर दोघं समोरासमोर आली. लिजाना काठी सांभाळत हळूच तारेवर खाली बसली, भाऊ तिला ओलांडून गेला, आणि ती उठून पुढे चालायला लागली. दोघांच्याही कमरेला दोर बांधलेला होता.